वर्कबेंच पुन्हा पुन्हा हलतंय? बोल्ट आवळण्याआधी हे तपासा

बोल्ट आवळले, दोन महिने बरं चाललं, आणि टेबल पुन्हा हलायला लागलं. घरी बनवलेल्या वर्कबेंचबद्दल, म्हणजे सुतारकामाच्या टेबलाबद्दल, मी सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच. माझ्या पहिल्या टेबलाचं असंच झालं होतं, आणि नंतर ओळखीच्यांची बरीच टेबलं याच दुखण्यासाठी माझ्याकडे आली. प्रत्येक ठिकाणी पाना आधीच भरपूर फिरवून झालेला असायचा. टेबल नेमकं कसं हलतंय, हे मात्र कुणी पाहिलेलं नसायचं.

आपल्या भाषेत हलण्याला वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि इथे ती फार उपयोगी पडतात. तुमचं टेबल यातलं काय करतं ते आधी ठरवा.

लक्षणं

डुगडुगतं: कोपऱ्यावर हात टेकला की टक् आवाज होतो आणि एक पाय जमिनीपासून उचलला जातो. हात काढला की परत टक्.

डुलतं: चारही पाय जागेवर असतात, पण वरचा भाग इकडून तिकडे जातो. रंधा मारताना किंवा करवत चालवताना हे सगळ्यात जास्त जाणवतं.

सरकतं: सगळं टेबलच्या टेबल जागा सोडतं. संध्याकाळी ते सकाळच्यापेक्षा चार बोटं पुढे आलेलं असतं.

उसळतं: हातोडी मारली की वरची फळी दणका परत देते. बाजूला ठेवलेले खिळे नाचतात, पटाशी लाकडात शिरत नाही.

करकरतं: हलताना फारसं दिसत नाही, पण जोर दिला की सांध्यातून आवाज येतो. बहुतेक वेळा हे डुलण्याचं पहिलं पाऊल असतं.

ओळखण्यासाठी टेबल रिकामं करा. टेबलावर विजेचा बोर्ड किंवा मशीन बसवलेलं असेल तर आधी प्लग काढा. मग डोळे पायांशी ठेवून कुणाला तरी टेबल ढकलायला सांगा: एकदा लांबीच्या दिशेनं, एकदा समोरून मागे. पाय हलला की सरकणं, पाय उचलला की डुगडुगणं, पाय स्थिर आणि माथा हलला की डुलणं. शेवटी फळीच्या मधोमध मूठ आपटून उसळतं का पाहा. एकाच टेबलाला दोन दुखणी असणंही नेहमीचं आहे. म्हणून लांबीच्या दिशेचं आणि आडव्या दिशेचं निरीक्षण वेगवेगळं लिहून ठेवा.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, कष्टाच्या शेवटी.

१. दोष टेबलाचा की जमिनीचा?

टेबल डुगडुगत असेल तर उचलणाऱ्या पायावर पेन्सिलनं खूण करा आणि टेबल जागच्या जागी पाव फेरा फिरवा, म्हणजे प्रत्येक पाय शेजारच्या पायाच्या कोपऱ्यात जाईल. टेबल थोडं बाजूला सरकवूनही पाहा. सगळीकडे तीच जोडी (खुणेचा पाय आणि त्याच्या तिरका समोरचा) उचलत असेल तर दोष टेबलात. जागेनुसार पाय बदलत असेल तर दोष जमिनीत.

ही तपासणी पहिली येते, कारण तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच, भांडण कायम चौथ्या पायाचं असतं. दोष जमिनीत असताना पाय कापला, तर टेबल पुढे कुठेही हलवलं तरी डुगडुगणार. एका घरी असा एकेक पाय थोडा थोडा तासत टेबलाची उंची चार सेंटिमीटरनं कमी झालेली मी पाहिली आहे. जमिनीची एक फरशी मधोमध दबलेली होती, एवढंच कारण होतं.

उपाय पॅकिंगचा, पण कडक वस्तूचं: सनमायका किंवा पातळ प्लायवूडचे तुकडे. पुठ्ठा आणि घडी घातलेला कागद वजनानं दबतो आणि आठवड्यात दुखणं परत येतं. पॅकिंग जमिनीवर सुटं ठेवू नका, पायालाच चिकटवा. पायांना फिरवून उंची बदलणारे स्क्रू बसवता आले तर उत्तम. तेव्हा आधी तीन पाय पाणसळीनं जुळवा आणि चौथा शेवटी फक्त टेकेल इतकाच खाली आणा.

दोष टेबलात निघाला तर पायांची लांबी मोजण्याआधी वरची फळी पिळलेली आहे का पाहा. फळीच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खाली वाकून एका पट्टीवरून दुसरीकडे बघा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक बाजू वर दिसली तर फळीला किंवा सांगाड्याला पीळ आहे. असं टेबल पॅकिंगनं उभं राहील, पण त्यावर जोडलेली प्रत्येक चौकट थोडी पिळलेलीच निघेल. फळीचे स्क्रू सैल करून पट्ट्या पुन्हा बघा. कडा समांतर झाल्या तर पीळ सांगाड्यात आहे आणि फळी बिचारी त्याच्यामागे ओढली जातेय.

२. सरकत असेल तर

यात फार काही नाही. घर्षण दोन गोष्टींवर ठरतं: टेबलाचं वजन आणि कशावर काय टेकलंय. पायाचा तळ रुंद केल्यानं फरक पडत नाही, तळाला रबर लावल्यानं पडतो. चारही पायांखाली रबरी चकत्या चिकटवा आणि खालच्या फळीवर वजन ठेवा. वाळूच्या भरलेल्या पिशव्या, जड अवजारांची पेटी, काहीही चालेल. वजन जमिनीच्या जितकं जवळ तितकं बरं.

टेबलाला चाकं असतील तर कारण शोधत बसू नका. लॉक लावल्यावर चाक फिरायचं थांबतं, पण साध्या चाकाचा वळणारा खांदा मोकळाच राहतो आणि तेवढ्यात टेबल खेळतं. काम करताना चाकं जमिनीपासून उचलली जाऊन टेबल स्वतःच्या पायांवर बसेल अशी रचना हवी.

३. आता बोल्ट आणि स्क्रू

इथे पाना घ्या, पण आवळण्याआधी बघा. कोणता नट किती फिरतोय? वॉशर लाकडात रुतलाय का? स्क्रू फिरतच राहतोय का?

वॉशर रुतला असेल तर लाकडाचे रेषे दबलेत. दमट दिवसांत लाकूड फुगतं, बोल्ट मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे वॉशरखालचे रेषे चेंगरतात. कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं आणि मधे फट राहते. आपण नट आवळतो, वॉशर आणखी आत जातो, पुढच्या वर्षी तेच. 'दर वर्षी आवळावं लागतं' याचं मूळ हे आहे. नायलॉन बसवलेला नट स्वतःहून फिरणार नाही हे खरं, पण आकसणाऱ्या लाकडापुढे त्याचा इलाज नाही.

उपाय साधा आहे, मोठा वॉशर लावा. १० मिमी बोल्टचा नेहमीचा वॉशर २० मिमी व्यासाचा असतो, मोठा ३० मिमीचा. मधलं भोक वजा केलं तर मोठ्याचं क्षेत्रफळ जवळपास पावणेतीन पट भरतं, म्हणजे लाकडावरचा दाब तितकाच कमी. त्याहून चांगलं म्हणजे दोन बोल्टना मिळून एकच लोखंडी पट्टी.

बोल्टचं भोकही बघून घ्या. १० मिमी बोल्टसाठी १२ मिमी भोक पाडलं असेल तर सांधा फक्त नटाच्या पकडीवर उभा आहे, आणि ती सुटली की बोल्ट भोकात खेळतो. हा खेळ लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. सांध्यातले दोन बोल्ट एकमेकांपासून ६ सेंमीवर आहेत आणि तिथे १ मिमीचा खेळ आहे. तिथून ८० सेंमी वर, माथ्यापाशी, तो १३ मिमी होतो. बोल्ट १२ सेंमीवर असते तर निम्मा झाला असता. म्हणून आडवी पट्टी जाडीपेक्षा उंचीला मोठी घ्यावी, म्हणजे बोल्ट लांब लांब बसवता येतात.

स्क्रूंबद्दल माझं मत ठाम आहे. जिप्समच्या बोर्डाला लावतात ते काळे स्क्रू वर्कबेंचच्या सांध्यात नकोतच. ते कडक पण ठिसूळ असतात, आडव्या जोराला वाकण्याऐवजी मान मोडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पट्टीच्या टोकातून, रेषांच्या दिशेनं स्क्रू मारणं. तिथे आटे रेषांना आडवे कापतात, धरायला त्यांचे आखूड तुकडेच उरतात, आणि थोड्याच दिवसांत सगळं मोकळं होतं. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरून कपाटाची बिजागरी टिकेल, वर्कबेंच टिकणार नाही. त्याऐवजी पट्टीच्या खालच्या अंगानं आडवं भोक पाडून टणक लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोका. स्क्रू त्या खुंटीला आडवा छेदून जायला हवा, म्हणजे त्याला धरायला रेषे मिळतात. गोंद पूर्ण वाळल्यावर आधी बारीक भोक, मग स्क्रू. खुंटीऐवजी आडव्या भोकात गोल लोखंडी नट बसवून पट्टीच्या टोकातून बोल्ट घेतला तर काम कायमचं होतं.

४. बोल्ट घट्ट आहेत, तरीही डुलतं

माझ्याकडे आलेल्या टेबलांपैकी बहुतेकांचं खरं दुखणं हेच होतं.

चार पट्ट्या घ्या, कोपऱ्यात एकेक खिळा मारून चौकट करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. खिळे कितीही घट्ट असोत, चौकट तिरकी होते. आता त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पट्टी मारा. आता ती हलणार नाही. चौकोनाच्या बाजू तशाच ठेवून कोन बदलता येतो, त्रिकोणात ते शक्य नाही. तुमच्या टेबलाला समोरून एक, मागून एक आणि दोन्ही टोकांना एकेक असे चार चौकोन आहेत. त्यात कुठेही तिरकं काही नसेल तर सगळा भार सांध्यांच्या घट्टपणावर, आणि सांधे महिनोन्‌महिने तो भार घेत घेत सैल होणार.

पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी करा. घरातली कुठलीही सरळ पट्टी टेबलाच्या मागच्या बाजूला तिरकी धरा, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा आणि टेबल लांबीच्या दिशेनं पुन्हा ढकला. डुलणं थांबलं तर निदान झालं. समोरून मागे डुलत असेल तर पट्टी टोकाच्या बाजूला लावून हेच करा. एका मित्रानं वर्षभरात सांध्यांना लोखंडी कोन लावले होते, जास्तीचे बोल्ट घातले होते, खाली सलग फळीही ठोकली होती. क्लॅम्पनं एक पट्टी तिरकी लावून मी त्याला टेबल ढकलायला सांगितलं. त्यानं ढकललं, मग दोन्ही हातांनी ढकललं, आणि माझ्याकडे बघत राहिला.

त्याच्या खालच्या फळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती समजूत फार पसरलेली आहे. खालची आडवी फळी वरून दिसणारा चौकोन काटकोनात ठेवते. उभ्या चौकोनांना ती काही करत नाही. वजन ठेवायला ती हवीच, पण डुलणं तिच्यानं थांबणार नाही.

कायमचे उपाय तीन. पहिला, पाठीमागे प्लायवूडचा तक्ता. ९ किंवा १२ मिमी जाडीचा पुरतो. चारही कडांना गोंद आणि दर १५ सेंमीवर स्क्रू. तक्ता म्हणजे असंख्य तिरक्या पट्ट्याच, म्हणून माझी पहिली पसंती याला. दुसरा, पाय आणि वरच्या पट्टीच्या कोपऱ्यात ४५ अंशांच्या तिरक्या पट्ट्या. ८५ सेंमी उंच टेबलाला त्या पायावर ३० ते ४० सेंमी खाली उतरल्या पाहिजेत, हातभर लांबीच्या नसतील तर त्यांना तरफ मिळत नाही. तिसरा, खाली उंचीला मोठी आडवी पट्टी, जमिनीपासून १५–२० सेंमीवर, प्रत्येक पायाशी दोन बोल्टनी जोडलेली. समोर बसून काम करायचं असेल तर पुढची बाजू मोकळी ठेवा, मागची आणि टोकाची बाजू भक्कम केली की पुरतं.

तिरकं काहीही पक्कं करण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेनं क्लॅम्पनं दाबून सारखे करा, मग पट्टी ठोका. ही पायरी गाळलीत तर तिरकेपणा कायमचा बंदिस्त होईल. मोठ्या गुण्याची (काटकोन तपासायच्या अवजाराची) सोय नसेल तर कोपऱ्यापासून एका बाजूवर ६० सेंमी, दुसरीवर ८० सेंमी खूण करा. खुणांमधलं अंतर १०० सेंमी आलं की काटकोन.

५. फळी उसळते

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८ मिमी प्लायवर दुसरी १८ मिमी प्लाय नुसती ठेवली तर ताठपणा दुप्पट होतो. तीच पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून, दाबून चिकटवली तर आठपट. एवढा फरक फक्त गोंदाचा. पायांमधलं अंतरही तितकंच महत्त्वाचं आहे: अंतर दुप्पट केलं की मधोमध पडणाऱ्या वजनानं फळी आठपट वाकते. म्हणून लांब टेबलाच्या फळीखाली मधे एक आडवी पट्टी उभी, म्हणजे अरुंद कडेवर, धरून बसवा. तोवर पटाशीचं काम पायाच्या बरोब्बर वर करा, दणका सरळ जमिनीत जाईल.

फळी अखंड लाकडाची असेल तर ती कशी बसवलीय हेही बघा. लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला बदलतं. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वरखाली झाला तर ६० सेंमी रुंद फळी ४ ते ६ मिमी सहज फुगते किंवा आकसते. ती चारही कडांना स्क्रूनं जखडली असेल तर दमट दिवसांत पायांना बाहेर ढकलते आणि कोरड्या दिवसांत स्वतः तडकते. ठरावीक ऋतूतच सैल होणाऱ्या टेबलांचं रहस्य बऱ्याचदा इथे सापडतं. पुढची कड पक्की ठेवा आणि मागच्या स्क्रूंची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करा. प्लायवूडला हा त्रास जवळपास नसतो.

६. सांधाच सुटलाय

सगळ्यात कष्टाचं काम. खाचेतलं कुसू (पट्टीचं खाचेत बसणारं टोक) हलत असेल तर वरून गोंद ओतून काही होत नाही, जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा पूर्ण उघडा, कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा आणि कोरडाच जोडून बघा. हातानं दाबून बसला आणि उलटा धरल्यावर पडला नाही तर पांढरा गोंद चालेल. फट दिसत असेल तर पांढरा गोंद ती भरत नाही. तिथे कुसवाच्या गालाला, म्हणजे सपाट बाजूला, लाकडाची पातळ चीप चिकटवून ते पुन्हा मापात आणा किंवा इपॉक्सी वापरा.

गोंदाशिवायही सांधा घट्ट राहू शकतो. कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा दीड ते दोन मिमी कुसवाच्या मुळाकडे पाडून त्यातून टोक काढलेली खुंटी ठोकली की खुंटीच सांधा ओढून धरते. किंवा कुसू पायाच्या आरपार काढून त्यात पाचर मारा. सैल झालं की पाचरेवर दोन ठोके. आंद्रे रूबो या अठराव्या शतकातल्या फ्रेंच सुताराच्या नावानं ओळखलं जाणारं टेबल तिरक्या पट्टीविना उभं राहतं ते जाड पाय थेट जाड फळीत कुसवानं बसवल्यामुळे आणि वजनामुळे. पातळ पायांवर ती नक्कल केली की ते डुलणारच.

इथे थांबा

पायाच्या आसपास पिठासारखा भुसा, बारीक भोकं किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर स्क्रू ड्रायव्हरनं लाकूड टोचून पाहा. आत सहज गेला तर कीड आहे. टेबल दुरुस्त करत बसू नका. कीडनियंत्रणवाल्याला बोलवा, आणि त्याला घरातलं बाकी लाकूडही दाखवा.

पाय रेषांच्या दिशेनं सांध्यातून चिरला असेल तर पट्ट्या आणि तारा बांधून वापरू नका. पाय बदलायचा, आणि खाच पाडण्याचा हात नसेल तर सुताराकडून.

लोखंडी सांगाड्याच्या वेल्डिंगला तडा दिसला तर तो वेल्डरचा विषय. घासून रंग लावला की तडा दिसेनासा होतो, वाढायचा थांबत नाही.

टेबल भिंतीला जखडायचा विचार असेल तर आधी ते स्वतःच्या पायावर स्थिर करा. भिंतीत वायर किंवा पाइप कुठून गेलेत हे नक्की माहीत नसेल, किंवा भिंत ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ड्रिल लावू नका, जाणकाराला दाखवा.

टेबलाला किंवा त्यावरच्या मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर काहीही तपासत बसू नका. मेन स्विच बंद, आणि इलेक्ट्रिशियन. टेबलावर गोल पात्याची करवत बसवलेली असेल तर टेबल डुलायचं थांबेपर्यंत ती चालवायची नाही, एक काप सुद्धा नाही.

सुताराला बोलवायची वेळ आलीच तर त्याला 'टेबल हलतंय' एवढंच सांगू नका. कोणत्या दिशेला हलतं, पाय हलतो की माथा, तिरकी पट्टी क्लॅम्पनं लावल्यावर काय झालं आणि दोन्ही कर्णांची मापं, एवढं कागदावर लिहून द्या.